प्रबंधातले संदर्भ बिघडले, तर?

विज्ञानातला एखादा प्रबंध तुम्ही कधी हातात घेतलात, तर मजकुरात जागोजागी कंसातले आकडे किंवा नावे आढळतील: (१२), (३७), किंवा (रामन व कृष्णन, १९२८). प्रबंधाच्या शेवटी या सर्वांची एक लांबलचक यादी असते. तिला संदर्भसूची म्हणतात. बहुतेक वाचक ती वाचीत नाहीत. परीक्षेत तिच्यावर प्रश्न येत नाही, म्हणून विद्यार्थीही तिच्या वाटेला जात नाहीत. आणि हल्ली ही यादी संगणक आपोआप तयार करतो, म्हणून पुष्कळदा खुद्द लेखकही ती वाचीत नाही. या शेवटच्या गोष्टीविषयी मला आज तुमच्याशी बोलायचे आहे.

तुम्ही म्हणाल, आम्ही नववी-दहावीतली मुले; आम्हाला प्रबंधाशी काय कर्तव्य? पण विज्ञान प्रदर्शनासाठी किंवा राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेसाठी तुम्ही प्रकल्प करता, तेव्हा त्याच्या अहवालातही 'संदर्भ' नावाचे एक पान असतेच. तुमच्या शिक्षकांपैकी कोणी पीएच.डी.चा प्रबंध लिहीत असतील, तर त्यांच्यापुढे असे दोनतीनशे संदर्भ असतील. काही वर्षांनी तुमच्यापैकी कित्येकांवर तीच वेळ येणार आहे.

संदर्भ म्हणजे दुसरे काही नसून पत्ता होय. चंद्रशेखर वेंकट रामन आणि त्यांचे सहकारी कृष्णन यांनी आपल्या प्रयोगांविषयी 'नेचर' या ब्रिटिश साप्ताहिकात १९२८ साली एक छोटे टिपण लिहिले. त्याचा पत्ता असा: नेचर, खंड १२१, पृष्ठ ५०१. जगातल्या कोणत्याही ग्रंथालयात हा पत्ता सांगा, तेच टिपण तुमच्या हाती येईल. गंमत अशी, की त्याच खंडात पृष्ठ ६१९ वर एकट्या रामन यांचे दुसरे टिपण आहे, आणि पृष्ठ ७११ वर पुन्हा या दोघांचे तिसरे. पहिल्यात एका नव्या प्रकारच्या दुय्यम प्रारणाची वार्ता आहे, तर तिसऱ्यात या घटनेची कॉम्प्टन परिणामाशी तुलना केली आहे. लेखक तेच, वर्ष तेच, खंड तोच. बदलतो तो केवळ तीन अंकी पृष्ठक्रमांक. हे उदाहरण लक्षात ठेवा, ते पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

पूर्वी संशोधक हे पत्ते कार्डांवर लिहून ठेवीत. एका कार्डावर एक संदर्भ, आणि सारी कार्डे अक्षरानुक्रमे खोक्यात. प्रबंधात मध्येच एक संदर्भ वाढवायचा झाला, तर पुढचे सगळे क्रमांक खोडून नव्याने घालावे लागत. तीनशे संदर्भ असले म्हणजे हे काम किती कंटाळवाणे होत असेल याची कल्पना करा. संगणक आल्यावर हे काम त्याच्याकडे गेले. १९८५ साली बिबटेक्स आले. पदार्थविज्ञान आणि गणित या विषयांत ते अजूनही वापरतात. त्यानंतर एंडनोट, २००६ साली अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठातून झोटेरो, २००८ साली मेंडेली, अशी एकामागून एक सॉफ्टवेअरे आली. ती नकोत असे मी मुळीच म्हणत नाही. क्रमांक बदलण्याचे काम यंत्र माणसापेक्षा कितीतरी चांगले करते.

यंत्र हे काम कसे करते ते थोडे समजून घेऊ या, म्हणजे ते बिघडते कसे हेही कळेल. यात तीन गोष्टी असतात. पहिली म्हणजे संदर्भसाठा: आपण गोळा केलेल्या सर्व पत्त्यांची संगणकातली वही. दुसरी म्हणजे प्रबंधाच्या फाइलमध्ये ठिकठिकाणी घातलेली छुपी खूण. पानावर तुम्हाला (रामन व कृष्णन, १९२८) असे दिसते, पण ते नुसते वरचे टरफल असते. त्याच्याआड 'साठ्यातली अमुक क्रमांकाची नोंद येथे आण' अशा अर्थाची आज्ञा दडलेली असते. तिसरी गोष्ट म्हणजे शैली: आणलेली नोंद कशी छापायची, नाव आधी की वर्ष आधी, कंस गोल की चौकोनी, याचे नियम. दर वेळी सॉफ्टवेअर खूण वाचते, साठ्यातली नोंद उचलते, तिला शैलीचा पोशाख चढवते आणि जुने टरफल पुसून नवे लावते. तुम्ही टरफलावर हाताने काही दुरुस्ती केली असेल, तर ती या वेळी पुसली जाण्याची शक्यता असते. पुष्कळांना हे ठाऊक नसते, आणि काल केलेली दुरुस्ती आज गेली कुठे म्हणून ते चकित होतात.

आता नवी आवृत्ती येते. संगणक सांगतो, 'अमुक क्रमांकाची आवृत्ती तयार आहे, घेऊ का?' आपण 'हो' म्हणतो. एखादे वेळी साठ्याची रचनाच बदलते. कोणी जुन्या साठ्यातल्या नोंदी उचलून नव्या साठ्यात भरतो. त्या सरशी नोंदींचे अंतर्गत क्रमांक बदलतात, आणि प्रबंधातली खूण जुन्याच क्रमांकाला हाका मारीत राहते. एखादे वेळी लेखनाच्या सॉफ्टवेअरला जोडलेली पुरवणी आणि मूळ सॉफ्टवेअर यांचे जमत नाही. लाटेक्स वापरणाऱ्यांना बिबलॅटेक्स आणि बायबर ही जोडी ठाऊक असेल. यातले एक नवे आणि दुसरे जुने राहिले, की दोघांचा अबोला सुरू होतो. मेंडेलीने २०२२ साली आपले जुने सॉफ्टवेअर देणे बंद केले, तेव्हा जुन्या पुरवणीने घातलेल्या खुणा नव्या पुरवणीसाठी बदलून घेण्याची वेळ अनेकांवर आली. परिणाम काय होतो? कुठे संदर्भाच्या जागी प्रश्नचिन्ह उमटते, कुठे महिरपी कंसात अडकलेली आज्ञा उघडी पडते, कुठे शेवटची यादीच नाहीशी होते.

अशा वेळी माणूस काय करतो? घाबरतो. प्रबंध द्यायला आठ दिवस राहिलेले असतात. तो सॉफ्टवेअर काढून पुन्हा घालतो, शैली बदलतो, फाइल दुसऱ्या नावाने दुसऱ्या प्रकारात साठवतो, मित्राच्या संगणकावर उघडून पाहतो, आणि हे सारे एकाच संध्याकाळी. आता चूक गेली तरी कशाने गेली हे कळत नाही. आणि राहिली, तर तिच्यात आणखी चार चुकांची भर पडलेली असते.

मित्रहो, प्रयोगशाळेत आपण असे करतो का? लोलकाचा आवर्तनकाल कशावर अवलंबून आहे हे शोधताना आपण लांबी, वस्तुमान आणि झोक्याचा विस्तार एकदम बदलत नाही. दोन स्थिर ठेवून एकच बदलतो. बिघडलेल्या प्रबंधालाही हाच न्याय लावावा. प्रथम फाइलची आणि साठ्याची एकेक प्रत काढून बाजूला ठेवावी, तिला हात लावू नये. मग एक कोरी फाइल उघडावी आणि तिच्यात तोच बिघडलेला संदर्भ नव्याने घालावा. तो तेथे ठीक उमटला, तर साठा आणि शैली निर्दोष आहेत. दोष प्रबंधातल्या खुणेत आहे. तेथेही चुकीचा उमटला, तर केवळ शैली बदलून पाहावी. शैली बदलताच सुधारला, तर दोष शैलीत. तरीही चुकलेलाच राहिला, तर साठ्यातली ती नोंद उघडून पाहावी, बहुधा चूक तिथेच सापडेल. दहा मिनिटांचे काम आहे. दोन चाचण्यांत तीनपैकी कोणता संशयित गुन्हेगार आहे ते कळते.

खूण बिघडलेली असेल, आणि ती नेमकी कोणती हे सॉफ्टवेअर सांगत नसेल, तर काय करावे? तीनशे खुणा एकेक करून तपासायच्या का? येथे गणेशोत्सवातल्या दिव्यांच्या माळेची आठवण होते. जुन्या पद्धतीच्या माळेत दिवे एकसरीत जोडलेले असत. एक दिवा गेला की सारी माळ अंधारी. जाणता वायरमन एका टोकापासून एकेक दिवा तपासत बसत नसे. तो माळेच्या मध्यावर टेस्टर लावी. टेस्टर पेटला तर दोष पुढच्या अर्ध्यात, नाही पेटला तर मागच्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचे पुन्हा अर्धे. (विजेची माळ तुम्ही स्वतः अशी तपासू नका. ते काम जाणकारांचे.) प्रबंधाच्या प्रतीचेही तसेच करावे. पहिला अर्धा भाग नव्या फाइलमध्ये घेऊन संदर्भ ताजे करावेत. चूक आली, तर ती या अर्ध्यात आहे. न आली, तर दुसऱ्यात. २ चा नववा घात ५१२ होतो, म्हणजे तीनशे खुणांमधली एक बिघडलेली खूण जास्तीत जास्त नऊ खेपांत सापडते. दाखला म्हणून हे गणित वर्गात द्यायला हरकत नाही. लॉगरिदम कशाला शिकायचे, असे विचारणारा एखादा विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतोच.

कधी कधी मात्र हा उपाय फसतो. दोन्ही अर्धे वेगवेगळे घेतले तर निर्दोष, आणि एकत्र केले की चूक हजर! अशा वेळी दोष एका खुणेत नसतो, दोन खुणांच्या नात्यात असतो. एकच निबंध साठ्यात दोनदा नोंदलेला आहे. पहिल्या प्रकरणात एक नोंद वापरली, चौथ्यात दुसरी. यंत्राला ते दोन निराळे निबंध वाटतात आणि ते १९२८अ, १९२८आ अशी अक्षरे जोडून देते. रामन व कृष्णन यांच्या बाबतीत अशी दोन टिपणे खरोखरच आहेत, म्हणून तिथे अक्षरे हवीतच. दुसऱ्या ठिकाणी ती नकोत. हा विवेक यंत्राला नाही.

येथवर सांगितले ते दिसणाऱ्या चुकांविषयी. प्रश्नचिन्ह उमटले, यादी गेली, यंत्राने सूचना दिली, तर मला विशेष चिंता वाटत नाही. ती चूक स्वतःच ओरडून आपला पत्ता सांगते, आणि ती दुरुस्त केल्याशिवाय कोणी प्रबंध छापायला देत नाही. माझी तक्रार आहे ती न दिसणाऱ्या चुकांविषयी. नवी आवृत्ती घेतल्यावर लोक ओरडणाऱ्या चुका दुरुस्त करतात आणि सुटकेचा श्वास सोडतात. मूक चुका तशाच राहतात.

त्या कशा शिरतात ते पाहा. साठा बदलताना सॉफ्टवेअर विचारते, 'या खुणेला जुळणाऱ्या दोन नोंदी दिसतात, यांतली कोणती?' घाईत आपण वरची निवडतो. पृष्ठ ५०१ च्या जागी पृष्ठ ७११ येते. नावे बरोबर, वर्ष बरोबर, कंस बरोबर. सुंदर छापलेला, पण चुकीचा पत्ता! किंवा दुबार नोंदी एकत्र करण्याच्या उत्साहात एकाच लेखकांचे एकाच वर्षातले दोन निबंध एक करून टाकले जातात. किंवा मजकुरात कोणी 'संदर्भ ३७ पाहा' असे हाताने टाइप केलेले असते. यादीतले क्रमांक सरकले तरी हे ३७ तिथेच राहते आणि भलत्याच निबंधाकडे बोट दाखवते. बिबटेक्समध्ये दोन निबंधांना एकच सांकेतिक नाव दिले गेले, तर ते दुसऱ्याकडे दुर्लक्ष करते. तशी सूचना ते आपल्या नोंदवहीत लिहून ठेवते, पण ती नोंदवही उघडतो कोण?

नावांची तर वेगळीच कथा आहे. पाश्चात्त्य पद्धतीत शेवटचा शब्द आडनाव मानतात, आणि सॉफ्टवेअर त्याच समजुतीवर चालते. 'भारत सरकार' ही संस्था लेखक म्हणून साध्या रीतीने नोंदली, तर यादीत 'सरकार, भा.' असे कोणी बंगाली गृहस्थ अवतरतात! संस्थेचे नाव अखंड ठेवण्याची सोय असते, पण नोंदी एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेताना ती हमखास टिकेलच असे नाही. आपल्याकडे एकच लेखक कधी पूर्ण नावाने, कधी आद्याक्षरांनी, कधी देवनागरीत आणि कधी रोमन लिपीत नोंदला जातो. जयंत विष्णु नारळीकर, ज. वि. नारळीकर आणि रोमन लिपीतले नारळीकर हे यंत्राच्या लेखी तीन निराळे शास्त्रज्ञ होत. एका बाबतीत मात्र देवनागरी सुखी आहे. बिबटेक्सच्या काही शैली इंग्रजी शीर्षकातली मोठी अक्षरे लहान करून टाकतात आणि रामन यांचे नाव सामान्यनामासारखे छापले जाते. आपल्या लिपीत मोठे-लहान अक्षर नसल्याने हे दुखणे नाही.

'एखादा पृष्ठक्रमांक चुकला तर काय बिघडले?' असे विचारणारे पुष्कळ भेटतात. सिमकिन आणि रॉयचौधुरी या दोन संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात याचे उत्तर आकड्यांनी दिले आहे. पदार्थविज्ञानातल्या एका सुप्रसिद्ध निबंधाचा हवाला ४३०० वेळा दिला गेला होता. त्यातल्या १९६ हवाल्यांत छपाईच्या चुका होत्या. पण या १९६ चुका वेगवेगळ्या नव्हत्या. निराळ्या अशा केवळ ४५ होत्या. पृष्ठक्रमांकातली एकच चूक तर तब्बल ७८ वेळा आलेली होती. आता तुम्हीच विचार करा. ७८ माणसे स्वतंत्रपणे तीच चूक करतील का? परीक्षेत ७८ उत्तरपत्रिकांत तेच विचित्र चुकीचे उत्तर आले, तर परीक्षक काय समजेल? ज्यांनी चूक प्रथम केली त्यांनी निबंध वाचला असेल असे उदारपणे मानले, तरी ४५ भागिले १९६, म्हणजे शेकडा २३ एवढेच निघतात. बाकीच्यांनी दुसऱ्याच्या यादीतून पत्ता उतरवला. अधिक काळजीपूर्वक हिशेब करून या दोघांनी अंदाज बांधला तो असा, की मूळ निबंध वाचून हवाला देणारे शेकडा वीसच्या आसपास असावेत.

म्हणजे चुकीचा पत्ता एका प्रबंधात राहत नाही. तो पुढच्या प्रबंधात जातो, तिथून त्याच्या पुढच्या. आणि आता तो साठ्यांमधून साठ्यांत, एका बोटाच्या दाबासरशी जातो. एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने लेखकांना नमुना म्हणून दिलेला, मुळात अस्तित्वातच नसलेला एक निबंध जवळजवळ चारशे ठिकाणी संदर्भ म्हणून छापला गेल्याचे अ‍ॅन-विल हार्झिंग यांनी २०१७ साली दाखवून दिले. त्या चारशे याद्यांची मांडणी नियमाबरहुकूमच असणार!

तेव्हा नवी आवृत्ती घेतल्यावर संदर्भ प्रत्यक्ष उघडून तपासले पाहिजेत असा माझा आग्रह आहे. येथे एक शंका निघते: थोडेसे नमुन्यादाखल तपासले तर चालणार नाही का? हिशेब करून पाहू. समजा, तीनशेपैकी तीस संदर्भ चुकले आहेत, म्हणजे दहात एक. चिठ्ठ्या टाकून तुम्ही वीस निवडले. एक निवड बरोबर निघण्याची संभाव्यता ०.९, वीसच्या वीस बरोबर निघण्याची ०.९ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ०.१२. याचा अर्थ, तीस चुका असूनही आठातून एकदा तुम्हाला 'सर्व ठीक आहे' असेच उत्तर मिळेल. तीस निवडले तर हीच संभाव्यता ०.०४ वर येते. दुसऱ्याचा प्रबंध तपासणाऱ्या परीक्षकाला एवढे पुरेसे आहे. पण प्रबंध तुमचा स्वतःचा असेल, तर तीनशेही तपासा. रोज पंधरा म्हटले तर वीस दिवसांचे काम आहे. आणि हे काम तुमच्यावाचून दुसरे कोणी करू शकत नाही. पृष्ठ ५०१ वर काय आहे आणि ७११ वर काय आहे, हे ज्याने दोन्ही टिपणे वाचली त्यालाच सांगता येईल.

शिक्षकांना एक विनंती करावीशी वाटते. मुलांच्या प्रकल्पात 'संदर्भ: इंटरनेट' एवढ्याच दोन शब्दांवर समाधान मानू नये. कोणते पुस्तक, कोणाचे, कोणत्या वर्षीचे, कितवे पान, हे मुलांना निदान पहिले काही प्रकल्प तरी हाताने लिहू द्यावे. दहा संदर्भ स्वतःच्या हाताने लिहिलेल्या मुलाला पुढे यंत्राच्या यादीतली चूक नजरेने टिपता येते. पहाडे पाठ असलेल्याला गणकयंत्रावर चुकीची कळ दाबली गेल्याचे लगेच जाणवते, तसेच हे.

आणि ज्यांचा प्रबंध आज अर्ध्यावर आहे त्यांना सांगायचे ते एवढेच, की तो पुरा होईपर्यंत संदर्भ-सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घेऊ नका. सुरक्षिततेसाठी नव्या आवृत्त्या घ्याव्यात हे मला मान्य आहे. संगणकाच्या मूळ प्रणालीच्या जरूर घ्या. संदर्भांचे सॉफ्टवेअर दोन महिने जुने राहिले तर सहसा आकाश कोसळत नाही. अगदी घ्यावीच लागली, तर आधी प्रत काढा आणि आवृत्तीचा जुना क्रमांक वहीत टिपून ठेवा. शेवटी विद्यापीठाकडे देण्याच्या प्रतीतून छुप्या खुणा काढून साधा मजकूर करून टाका, म्हणजे दुसऱ्याच्या संगणकावर काही हलणार नाही. मात्र खुणा असलेली फाइल वेगळ्या नावाने स्वतःजवळ ठेवा. खुणा एकदा काढल्या की त्या परत येत नाहीत, आणि परीक्षकांनी दुसऱ्या प्रकरणात एक संदर्भ वाढवायला सांगितला, की पुढचे सारे क्रमांक तुम्हाला हाताने बदलावे लागतील.